आवाज कुणासाठी कमी करायचा?



व्याख्यानमालेत संतसाहित्य असतं, शिवकाल असतो, अलीकडे शेअर बाजारही असतो. जड मशीनचे हादरे आणि आवाज हा विषय सहसा नसतो. पण बेंगळूरुतल्या मराठी माणसांपुढे तो का नसावा? या शहराला यंत्रांचा आवाज ऐकवण्यात आपल्या मंडळींचा चांगलाच हात आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन इथे विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे एचएएल झाला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवायला घेतले आणि १९४६ मध्ये इथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू करून मोटारी बनवल्या. मग १९५३ साली जालहळ्ळीला एचएमटी आली. १९६१ मध्ये भारत फ्रिट्झ वर्नर, १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूट. आणि मग पीण्याची औद्योगिक वसाहत. तिथे किती शेड आहेत हे मोजायचा नाद मी सोडून दिला आहे.

१ मार्च २०१४ पासून पीण्यावरून मेट्रो जाते. डब्यातून खाली पत्र्यांची छपरं दिसतात, आवाज मात्र ऐकू येत नाही. शहराचा आणि कारखान्याचा संबंध आज साधारण एवढाच उरला आहे. कारखान्याची आठवण शहराला कधी होते? तक्रार करायची असेल तेव्हा.

आणि ही तक्रार कोण करतं? शेजारी करतो. कामाक्षीपाळ्यात, लग्गेरेत, राजाजीनगरच्या मागच्या गल्ल्यांत खाली वर्कशॉप, वर बिऱ्हाडं असतात, नाहीतर भिंतीला भिंत लागून घर. रात्री प्रेस चालू राहिला की शेजारचा माणूस प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो, आणि त्याच्या हातात कायदा असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा.

तक्रार आली की मालक पहिलं काम काय करतो? शटर ओढतो. खिडक्यांना पत्रे मारतो. त्याने काय होतं ते बघा. वर पत्रा, खाली कोबा, चारी बाजूंना प्लास्टरच्या भिंती. बाहेर जाणारा आवाज आता आतच आपटत राहतो. शेजाऱ्याचे काही डेसिबल उतरतात आणि ऑपरेटरचे चढतात. वारा बंद होतो तो वेगळाच. मोजणारा कुंपणापाशी मीटर धरतो, आकडा बरा येतो, फाइल मिटते. म्हणून मी आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे, आणि तो मधूनमधून विचारत राहणार आहे. आवाज कुणासाठी कमी करायचा?

कामगार तक्रार का करत नाही? हा प्रश्न फार जुना आहे. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिसच्या तांब्याची भांडी घडवणाऱ्यांबद्दल तो सांगतो: ही मंडळी एकाच वस्तीत राहतात, दिवसभर ठोकाठोक करतात आणि हळूहळू बहिरी होतात. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे, ऐकली आहे म्हणू या, त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही. १८८६ मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार यांनी शंभर बॉयलर कामगारांचे कान तपासले. एकाचीही श्रवणशक्ती धड निघाली नाही.

हे बहिरेपण दुखत नाही, हीच त्याची अडचण. ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खातं. गडगडाट, हाका, हॉर्न सगळं नीट ऐकू येत राहतं. जातात ती स, श, फ यांसारखी बारीक व्यंजनं. मग माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही.’ घरात टीव्हीचा आवाज वाढतो, बायको चिडते, आणि सगळे म्हणतात वय झालं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणारं बहिरेपण कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलं गेलं. पण जे दुखत नाही ते कळवायला जाणार कोण?

आता थोडा हिशेब. डेसिबलचा हिशेब किराण्यासारखा नाही, म्हणून भले भले मालक त्यात फसतात. ९० डेसिबलची दोन मशीन एकत्र चालली तर १८० होत नाहीत, ९३ होतात. तसली दहा चालली तर १००. या दहांतलं एक बंद केलं तर किती उतरेल? अर्धा डेसिबलसुद्धा नाही. पण नऊ मशीन ८५ ची आणि एकच १०० चं असेल, तर त्या एकाला गप्प केल्यावर शॉपचा आवाज १०१ वरून साडेचौऱ्याण्णववर येतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे सगळ्यात मोठ्याने ओरडणारं मशीन शोधणं. खर्च सगळ्यांवर सारखा वाटू नका. लोकशाही इथे चालत नाही.

आणि ते मशीन दिसायला सर्वांत मोठं असेलच असं नाही. बऱ्याचदा ती साधी एअर गन असते. जॉबवरची बुरादी उडवायला किंवा डायमधून पीस बाहेर फेकायला जी हवा सोडतात, ती. १९५२ मध्ये गणितज्ञ लाइटहिल यांनी गणित मांडलं की हवेच्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घातात वाढतो. वेग निम्मा केला तर आवाजाची शक्ती २५६ पट घटते, म्हणजे कागदावर २४ डेसिबल. शॉपमध्ये तेवढं पदरात पडत नाही, पण जे पडतं ते रेग्युलेटरची चावी फिरवून आणि बारीक छिद्रांचं नॉझल लावून, जवळजवळ फुकट पडतं. शिवाय कॉम्प्रेसरची वीज वाचते. मालक वीजबिलासाठी ऐकतो, कानासाठी नाही. चालेल, आपल्याला ऐकल्याशी मतलब.

आता प्रेसकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे. समोर ५० टनी सी-फ्रेम प्रेस आहे, खाली ३ मिलिमीटरचा पत्रा. पंच खाली येतो, पत्र्याला टेकतो. पत्रा लगेच कापला जात नाही. दाब चढत जातो, आणि तेवढा वेळ प्रेसची फ्रेम ताणली जाते. इंग्रजी सी अक्षराचं तोंड किंचित उघडतं. डोळ्यांना दिसत नाही, डायल लावली तर दिसतं. पंच जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आत शिरतो आणि उरलेला पत्रा एकदम तुटतो. तीस-चाळीस टनांचा भार एका क्षणात नाहीसा होतो. ताणलेलं धनुष्य सोडावं तशी फ्रेम मागे येते, क्रँकच्या बेअरिंगमध्ये भार उलटा आदळतो, आणि फ्लायव्हीलच्या गार्डपासून टूल ठेवायच्या ट्रेपर्यंत सगळं झणझणतं. आपण म्हणतो पत्रा कापल्याचा आवाज झाला. खरं पाहता पत्रा तुटल्यावर प्रेस मोकळा झाल्याचा आवाज त्याहून मोठा असतो.

एवढं कळलं की उपाय आपोआप सुचतो. पत्रा एकदम तुटू द्यायचा नाही. पंचाचं किंवा डायचं तोंड सपाट न ठेवता त्याला उतार द्यायचा, म्हणजे काप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जातो. टूलरूममध्ये याला ‘शिअर देणं’ म्हणतात. साधारण पत्र्याच्या जाडीएवढा उतार दिला तरी कमाल टनेज बरंच उतरतं, आणि भार सुटतो तोही टप्प्याटप्प्याने. उतार कुठे द्यायचा? कापून पडणारा तुकडा हवा असेल तर डायला द्या, तुकडा सपाट राहतो. भोक पाडायचं असेल तर पंचाला द्या, पत्रा सपाट राहतो. एकाच टूलमध्ये अनेक पंच असतील तर सगळे एका लांबीचे ठेवू नका. पत्र्याच्या जाडीएवढा फरक ठेवा, म्हणजे ते एकामागून एक उतरतील. खर्च काय? सरफेस ग्राइंडरवरचा थोडा वेळ. आणि फायदा कुणाचा? शेजाऱ्याचा, ऑपरेटरचा, डायच्या धारेचा आणि प्रेसच्या बेअरिंगचा. शटर ओढल्याने यांतल्या एकाचाच होत होता.

जाता जाता: कापलेले पीस जिथे पडतात तो पत्र्याचा डबा. त्याला आतून जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा लावा. सैल गार्डांचे बोल्ट आवळा. हे सांगायला व्याख्यान लागू नये, पण लागतं.

आता हादरे. आवाज आणि हादरा ही सख्खी भावंडं असली तरी वाटा वेगळ्या. आवाज हवेतून जातो, हादरा पायातून जमिनीत, जमिनीतून शेजाऱ्याच्या भिंतीत, आणि तिथे पुन्हा आवाज होऊन त्याच्या खोलीत उतरतो. म्हणून भिंत कितीही जाड केली तरी ही वाट बंद होत नाही. मग सगळे एकच मंत्र म्हणतात: ‘रबर घाला.’ या मंत्राशी माझं जुनं भांडण आहे.

रबर असो, स्प्रिंग असो की कॉर्क असो, मशीन त्याच्यावर ठेवलं की ते सगळं मिळून स्वतःच्या एका ठरलेल्या गतीने हलू बघतं. ती गती काढायला मोठी उपकरणं नकोत. मशीनच्या वजनाने पॅड किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर येईल सेकंदाला इतकी कंपनं. आता मोटार १४४० फेऱ्यांची असेल तर ती सेकंदाला २४ धक्के देते. पॅडची गती याच्या एक तृतीयांश, म्हणजे ८, हवी. त्यासाठी पॅड जवळजवळ ४ मिलिमीटर दबला पाहिजे. मग धक्क्याचा फक्त आठवा हिस्सा खाली जातो. आणि बाजारातला बोटभर जाडीचा कडक पॅड किती दबतो? समजा अर्धा मिलिमीटर. करा भागाकार. येतं २२. म्हणजे मोटारीच्या २४ च्या अगदी शेजारी! अशा पॅडवर मशीन शांत होत नाही, नाचायला लागतं. मालक म्हणतो पॅड बोगस निघाला. पॅड बोगस नसतो हो. भागाकार केलेला नसतो. नियम असा आहे की धक्क्याची गती पॅडच्या गतीच्या १.४ पटीच्या वर गेली तरच फायदा सुरू होतो. त्याच्या खाली पॅड घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

पहिल्या मजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये आणखी एक गोम असते. तिथे खालचा स्लॅबच मुळी लवतो. तो स्वतःच एक स्प्रिंग, आणि त्याच्यावर आपण दुसरी ठेवतो. अशा ठिकाणी मशीन स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमच्या वर, खांबाजवळ सरकवणं हा पहिला उपाय.

घण मारणाऱ्या हॅमरची गोष्ट निराळी. तिथे धक्का सतत नसतो, एकेक दणका असतो, आणि तो झेलायला वजन लागतं. आपल्या भारतीय मानकात, आयएस २९७४ मध्ये, याचा विचार आहे. ढोबळ हिशेब असा की पडणारा घण १ टनाचा असेल तर ऐरण सुमारे २० टनांची आणि तिच्याखाली काँक्रीट ऐरणीच्या तीन ते पाच पट. म्हणजे एका टनाच्या घणासाठी ६० ते १०० टनांचा ठोकळा जमिनीत पुरायचा. ठोकळा आणि शेडची जमीन यांच्यामध्ये चारी बाजूंनी फट हवी, आणि त्या फटीत बांधकामाचा राडारोडा भरून ठेवायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी उगाच घातलेलं नाही.

बॅलन्सिंगबद्दल एवढंच सांगतो की फिरणाऱ्या भागातला असमतोल वेगाच्या वर्गाने छळतो. वेग दुप्पट, धक्का चौपट.

मला अधिक बोलायचं आहे ते चॅटरबद्दल, कारण त्यात या शहराचा एक धागा आहे. लेथवर जॉब लावलाय, टूल कापतंय, आणि एकाएकी किंचाळी सुरू होते. जॉबवर लाटा उमटतात. कारखान्यातल्या कामाचं शास्त्र करू पाहणाऱ्या फ्रेडरिक टेलरसारख्या माणसाने १९०७ मध्येच कबूल केलं होतं की मशीनवाल्याच्या प्रश्नांमध्ये हा सर्वांत गूढ आहे. याची उकल व्हायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. ती करणाऱ्यांत प्रागचे यिरी त्लुस्ती प्रमुख होते, आणि त्याच देशाच्या मदतीने थोड्याच वर्षांत तुमकुर रस्त्यावर आपली मशीन टूल इन्स्टिट्यूट उभी राहिली. चॅटरची गंमत अशी की टूल आपल्याच मागच्या फेऱ्याने उठवलेल्या लाटेवर पुन्हा चढतं. दोन लाटांचा मेळ बिघडला की प्रत्येक फेऱ्याला हादरा वाढत जातो. उपाय? टूल शक्य तेवढं आखूड धरा. बाहेर आलेली लांबी निम्मी केली तर ताठपणा आठपट होतो. वेग बदला, आणि दरवेळी कमीच करायला हवा असं नाही, कधी वाढवल्यावरही किंचाळी थांबते. आणि बिडाचा जुना बेड भंगारात काढण्याआधी दोनदा विचार करा. करड्या बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये कंप जिरतो. वेल्डिंग केलेल्या पोलादी फ्रेममध्ये तसा जिरत नाही. हरिहरचे जुने लेथ अजून काही शेडमध्ये निमूट चालतात, त्यात या बिडाचा वाटा आहे.

चॅटर आधी कुणाला कळतो? मीटरला नाही, ऑपरेटरला. टूलची धार गेली, बेल्ट सैल झाला, बेअरिंग कोरडं पडलं, हे चांगला कामगार कानाने ओळखतो. म्हणून तुम्ही त्याला इअरप्लग देता तेव्हा तो खिशात ठेवतो आणि म्हणतो, ‘साहेब, मशीन ऐकू येत नाही.’ आपण त्याला अडाणी समजतो. तो अडाणी नाही. मशीनच्या आवाजातला काही भाग त्याला कामासाठी हवा असतो. कान बंद करा म्हणणं म्हणजे त्याचं एक अवजार काढून घेणं आहे. आवाज मुळात उतरवला, तर नको असलेला गोंगाट जातो आणि हवा असलेला इशारा उलट स्पष्ट होतो.

प्लग नकोत असं मी म्हणत नाही, पण त्यांचाही हिशेब ऐका. प्लगच्या पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेले असतात. आठ तासांच्या शिफ्टमध्ये अर्धा वेळ प्लग काढला, तर पदरात किती पडतात? जेमतेम ३. पाऊण तास काढला तरी १० च्या आसपास. मग पाकिटावरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मर्यादेचा घोळ तर आणखी वेगळा. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांना ९० डेसिबल चालतात आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलमध्ये दोन तास. अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ पासून सुरुवात करून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. तिच्या हिशेबात १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. कान तोच, मशीन तेच. दोन तास आणि पंधरा मिनिटं! आमच्या कायद्यात बसतं असं कुणी सांगितलं, तर पुढचा प्रश्न हा विचारायचा.

मुळाशी काही करता येत नसेल तर मशीनला खोली करा. पण खोली म्हणजे खोली. भिंत ३० डेसिबल अडवणारी बांधलीत आणि पृष्ठभागाच्या एक टक्का फट ठेवलीत, तर मिळतात फक्त २०. केबलचं भोक, दरवाज्याखालची फट, हवेसाठी ठेवलेली जाळी. हजारो रुपयांची भिंत बोटभर फटीतून वाहून जाते. हवा लागणारच, ती आतून अस्तर लावलेल्या वळणाच्या नळीतून द्या. छताला फोम चिकटवून देणाऱ्यांपासून जरा जपून राहा. त्याने शॉपमधला घुमारा कमी होतो, पलीकडच्या मशीनवरच्या माणसाला बरं वाटतं, पण जो प्रेसच्या पुढ्यात बसलाय त्याच्या कानावर दणका सरळ येतो. त्याला त्या फोमचा उपयोग जवळजवळ शून्य. पुन्हा तोच प्रश्न: कुणासाठी?

शेवटचा मुद्दा खरेदीचा. युरोपच्या २००६ च्या मशिनरी डायरेक्टिव्हप्रमाणे मशीनचा आवाज ऑपरेटरच्या जागी ७० डेसिबलच्या वर जात असेल तर तो आकडा पुस्तिकेत छापावा लागतो. ८० च्या वर गेला तर मशीनची एकूण ध्वनिशक्तीही. बेंगळूरुतून युरोपला मशीन पाठवणारे कारखानदार हा आकडा छापतात. मोजायला त्यांना येतं, मोजायची रीतही ठरलेली आहे, आयएसओ २३० चा पाचवा भाग त्यासाठीच आहे. पण तसंच मशीन पीण्याच्या ग्राहकाला जातं तेव्हा तो आकडा सहसा कुणी मागत नाही. अचूकता किती मायक्रॉन, हे विचारतो. स्पिंडल किती फेऱ्यांचं, हे विचारतो. आवाज किती, हे का विचारत नाही?

तुमकुर रस्त्यावर बीआयईसीमध्ये इमटेक्स हे मशीन टूलचं प्रदर्शन भरतं. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण तिथे जातात, काही जण तिथेच ऑर्डर देतात. पुढच्या पर्चेस ऑर्डरमध्ये एक अट वाढवा: ऑपरेटरच्या उभं राहण्याच्या जागी, पूर्ण वेगात, जॉब लावून, इतके डेसिबल, आणि मशीन बसवल्यावर मोजून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. विक्रेता आधी हसेल, मग आपल्या डिझाइनवाल्याला फोन लावेल. कार्यवाहांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे. पॅडचा भागाकार ज्यांना आपल्या मशीनसाठी करून बघायचा आहे त्यांनी वजन, मोटारीच्या फेऱ्या आणि पॅड किती दबला हे तीन आकडे घेऊन पुढे या. फळा आहे, खडू आहे.